आबाजी गप

वर्धा
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

चि. ज्योत्स्नास, अनेक आशीर्वाद.

तुझ्या हुकमाप्रमाणे नात पाठवली आहे. हे पत्र प्रफुल तुझ्या हातात देईल, रक्षाला सोडेल आणि मागे वळून न बघता परत येईल. मागे वळून बघायचं नाही हे मी त्याला सांगितलंय, पण तो आईवर गेलाय.

शनिवारपर्यंत घरून एकही फोन यायचा नाही, ही तुझी अट सूनबाई रीताने रडत आणि मी चडफडत मान्य केली. फोन वाजला की पोरगी खाटेखाली शिरते, शाळेतूनच आला असं तिला वाटतं, हे तू स्वतः पाहिलंस म्हणून तुझ्यापुढे बोलायची सोय राहिली नाही. पण कापडाच्या दुकानात बसणारा माणूस आठवडाभर बातमीशिवाय जगत नाही. सबब पत्र. आपल्या गल्लीतला रोशन तुमच्या गिरडच्या मुक्कामी गाडीवर कंडक्टर आहे. संध्याकाळी तो पोचला की माझं पत्र घे, सकाळी गाडी निघताना उत्तर त्याच्या हाती दे. या जमान्यात एसटीने पत्र पाठवणारा मी वर्ध्यात एकटाच, असं रोशन म्हणतो. त्याला वाटलं आपण कौतुक केलं.

आता मुद्दा. पोरगी सात वर्षांची, दुसरीत. जूनपासून वर्गात तोंड उघडत नाही. जुलैपासून व्हॅनचा हॉर्न ऐकला की ओकते. डॉक्टर म्हणतात पोट ठणठणीत आहे. शाळा म्हणते की सोमवारी, पंचवीस तारखेला पोरगी वर्गात दिसली नाही तर नाव कापू, बाहेर रांग लागली आहे. म्हणजे हा एक आठवडा तुझा. तू तीस वर्षं पोट्ट्यांना बोलतं करत आलीस अशी तुझी ख्याती आहे. निदान तू तरी तसं सांगतेस.

आमच्याकडून कसूर झाली म्हणशील तर नाही. जूनच्या पालकसभेत मॅडमनी सांगितलं की घरी इंग्रजीचं वातावरण ठेवा. प्रफुल आणि रीता ठेवतात. त्यात एक सुधारणा मी माझ्या डोक्याने केली. ज्यांना इंग्रजी येत नाही, त्यांनी पोरीसमोर मुळात बोलूच नये. प्रमिला आता वरण खुणेने वाढते. मी दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घेतो आणि घरी आलो की तोंडाला कुलूप. एवढं वातावरण वर्ध्यात दुसऱ्या कोणाच्या घरी असेल असं वाटत नाही.

पोरीला दूध प्यायला लाव. लोभ आहेच, तो तू उधळू नको म्हणजे झालं.

तुझा,
गजेंद्रदादा


गिरड
सोमवार, १८ ऑगस्ट

ती. दादांस, सा. न. वि. वि.

नात पोचली. प्रफुलने मागे वळून पाहिलं, तीनदा.

आज तिला शाळेत नेलं. तुला माहीत आहे, शाळा गिरडची नाही, पलीकडच्या लहानशा गावातली. पहिली ते चौथी, दोन खोल्या, पटावर दोन शिक्षक. त्यातले लक्ष्मणराव सर शाळेत कसं शिकवावं याच्या प्रशिक्षणाला गेलेत, त्यामुळे शाळेत शिकवायला मी एकटीच आहे. रक्षा दारात उभी राहून बेंच शोधत होती. आमच्याकडे सतरंजी. जागृती नावाची तिसरीतली एक खमकी पोरगी आहे, तिने हिच्या फ्रॉकला धरून खाली बसवलं आणि सांगितलं की इथं बसाचं तं बस, नाई तं दुसरं कोणी बसते. रक्षा बसली. बोलली नाही. पाणी हवं तर माठाकडे बोट, साखर हवी तर डब्याकडे बोट. माझ्या घरी रात्री भाजी नको होती, तेव्हा तिने हात असा काही आडवा केला की मला रहदारीचा पोलीस आठवला.

या आठवड्याचा धडा म्हणजे बैल. शुक्रवारी पोळा, शनिवारी तान्हा पोळा. पोट्ट्यांचं डोकं पुस्तकात राहणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून पुस्तकच बैलाच्या पाठीवर ठेवलं. पहिलीवाले बैलांचे पाय मोजून चाराचा पाढा म्हणतात. दुसरीवाले मातीचे बैल करतात. तिसरी-चौथीला झडत्या रचायला दिल्या. तू वर्ध्याच्या बाजारात बसून विसरला असशील, म्हणून सांगते: पोळ्याच्या तोरणाखाली बैल उभे असताना गावातला तोंडाळ माणूस पुढे होऊन यमक जुळवून कोणाची तरी खोडी काढतो, ती झडती. ज्याची काढली त्याने रागवायचं नाही, जमलं तर उलटी झडती म्हणायची. इतकी चांगली रीत लग्नांत का नाही, कळत नाही.

अश्वजितने उभ्या उभ्या रचली:

डाळ रे डाळ, खिचडीतली डाळ,
शोधाले गेला पोट्टा, तं झाली संध्याकाळ!

खिचडी करणाऱ्या कांताबाईंना राग आला. त्यांनी रागारागाने अश्वजितच्या ताटात डाळीचा डोंगर वाढला. बाकीची पोरं लगेच कांताबाईंवर झडती रचायला बसली. जागृतीने माझ्यावर सोडली:

बाई रे बाई, आमची बाई,
मोबाइलवर माहिती भरते, शिकवाले टाइम नाई!

मी तेव्हा खरोखर शौचालयाच्या दरवाजांची माहिती भरत होते. मोबाइल पिशवीत टाकला.

झडतीच्या शेवटी हर हर महादेव म्हणतात. अश्वजितचे वडील बापूराव सकाळी येऊन म्हणून गेले की बाई, आम्ही बौद्ध, पोरगं जयजयकार करनार नाई, पण बैल आमचाई आहे, झडती म्हनंल. मी पोरांनाच विचारलं. त्यांनी ठरवलं की शेवटी सगळ्यांनी मिळून बैलाचं भलं हो, असं ओरडायचं. ही बैठक चार मिनिटांत आटोपली, कारण तिच्यात मोठं माणूस नव्हतं.

वहिनींना सांग, खुणेने वरण वाढायचा प्रयोग झकास आहे, तिकीट लावलं तर चालेल. दूध पिते. माझ्यावरचा राग पत्रागणिक थोडा थोडा कमी करत जा.

तुझी,
ज्योत्स्ना


वर्धा
मंगळवार, १९ ऑगस्ट

चि. ज्योत्स्नास, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दूध पिते हे वाचून बरं वाटलं. बाकी पत्रात खिचडी फार होती.

तान्हा पोळा आहे हे आधी का नाही सांगितलंस? आपल्या घरातलं पोरगं मातीचा बैल घेऊन उभं राहणार, आणि तेही जिल्हा परिषदेच्या शाळेत? सोबत बैल पाठवतो आहे. सागवानी, चाकांचा, शिंगांना पितळी टोपणं. तो बबनराव सुताराने दुसऱ्याच कोणासाठी केला होता, मी शब्दाने जिंकून आणला. माझ्यापुढे बबनराव काय बोलणार! रोशन म्हणाला की पिशवीत मावला असता तर सामान म्हणून नेला असता, पण हा सीटवर उभा राहतो, तेव्हा हाफ तिकीट फाडावं लागेल. फाडलं. समुद्रपूरला एखादी म्हातारी त्याला सरकून जागाही देईल, असं रोशन म्हणतो.

झडतीही पाठवतो. तुमच्या डाळीबिळीसारखी नाही. तुझं पत्र आल्यावर आज दुपारी दुकानात बसून लिहिली:

हे वृषभा, तू कृषिवलांचा आधार महान,
तव श्रमांनी फुलते अवघे हिंदुस्थान,
स्वीकार आमुचे वंदन, हे पशुश्रेष्ठ गुणवान!

रक्षाकडून पाठ करून घे. शनिवारी मी, प्रफुल आणि रीता येतो. प्रफुल व्हिडिओ काढेल, तो कॉन्व्हेंटच्या मॅडमना पाठवू, म्हणजे पोरगी बोलते हा पुरावा झाला. पहिला नंबर आला तर त्यांची बोलतीच बंद. परीक्षक कोण आहे ते कळव, सहज विचारतोय.

आमच्या भरवशावर राहा, पण आम्हालाही थोडा भरवसा दे.

तुझा,
दादा


गिरड
बुधवार, २० ऑगस्ट

ती. दादांस, सा. न. वि. वि.

बैल सुखरूप उतरला. पहिलीतल्या निम्म्या पोरांपेक्षा तो उंच आहे. पोरांनी त्याला शाळेत नेलं, पट्टीने मोजलं, त्याच्यावर बसून पाहिलं, आणि हाफ तिकीट असलेला बैल खिडकीशी बसला होता की आतल्या बाजूला, यावर अश्वजित आणि जागृतीचं भांडण लागलं. परीक्षक कोणी नाही, नंबरही नाही. ज्या पोराचा बैल चालताना मोडतो, त्याच्या वाट्याला बोजारा जास्त येतो, एवढाच नियम आहे. बोजारा म्हणजे खाऊ. बाजारात बसून हेही विसरला असशील.

तुझी झडती वर्गात वाचून दाखवली. मग चौथीतल्या एकाने हळूच विचारलं की बाई, बैल कधी वारला.

तुझ्या सागवानी पशुश्रेष्ठाला रक्षाने हात लावला नाही. तिने आणि जागृतीने मिळून मातीचा केलाय. त्याला एकच शिंग आहे, दुसरं वाळताना पडलं. ती तो मांडीवर घेऊन बसते.

आता हे नीट वाच, आणि बिलाच्या थप्पीखाली सारू नको.

काल दुपारच्या सुट्टीत पोरी घर घर खेळत होत्या. मी वरांड्यात माहिती भरत होते, होय, पुन्हा. जागृती आई झाली, एक पोरगी बाळ झाली, आजोबाचं काम रक्षाकडे आलं, म्हणाल्या तू आबाजी हो. रक्षा उठली, दप्तर काखेत धरून दुकानातून आल्यासारखी आली, चप्पल काढली, बसली. आणि दादा, ती गप्प बसून राहिली. बाळ पुढे येऊन काही बोललं की ओठांवर बोट. चहा दिला की मान. जेवायला वाढलं की हाताने पुरे. जागृती कातावली, म्हणाली, आबाजी हो म्हटलं तं मुका काऊन झाली वं? यावर रक्षाने जागृतीला जवळ ओढून कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. बराच वेळ. म्हणजे तोंड आहे, जीभ आहे, दोन्ही चालू आहेत.

मी जागृतीला नंतर विचारलं. ती म्हणाली, रक्षा म्हन्ते का ज्याले इंग्रजी येत नाई त्यानं बोलाचं नसते, आमच्या घरी असंच आहे, मले पन येत नाई.

तुझी नात बिघडलेली नाही, दादा. घरात आजी-आजोबांनी जो नियम पाळला, तोच ती वर्गात पाळते. इतकी आज्ञाधारक पोरगी मी तीस वर्षांत पाहिली नाही. तू मॅडमवर, डॉक्टरवर, पोटावर खापर फोडलंस. एक मडकं घरातच राहिलं.

शनिवारी ये. व्हिडिओ नको, वृषभ नको. येताना फक्त तोंड घेऊन ये.

एवढं बोलूनही तुझी माया आटणार नाही, या हिशेबाने लिहिलंय.

ज्योत्स्ना


वर्धा
गुरुवार, २१ ऑगस्ट

चि. ज्योत्स्नास, आशीर्वाद.

'अनेक' हा शब्द या वेळी मुद्दाम गाळला आहे.

तू मास्तरीण आहेस, तुला चूक शोधायचाच पगार आहे. मी जे केलं ते पोरीच्या भल्यासाठी. मला काय गप्प बसायची हौस आहे? या गल्लीत माझ्यासारखा बोलणारा माणूस नाही. साडी बघायला आलेली बाई माझ्याकडून जावयाच्या शर्टासकट जाते. तो मी, जूनपासून रोज संध्याकाळी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा बसतो. पोरगी समोर चित्र काढत असते, माझ्या ओठांवर दहा गोष्टी येतात, मी त्या चहाबरोबर गिळतो. आणि तू म्हणतेस मडकं!

तुझं पत्र प्रमिलाने वाचलं. मोठ्याने वाचलं, जेवणाच्या खोलीत, सगळ्यांसमोर. जूनपासून त्या खोलीत तिचा आवाज आला नव्हता, रीता दचकली. वाचून झाल्यावर तिने मला एवढंच विचारलं की तुम्ही रक्षाशी शेवटचं काय बोलले, आठवते काय?

मला आठवलं नाही. म्हणून मी चिडलो आहे, तुझ्यावर नाही, पण पत्र तुलाच लिहायचं आहे तर तुझ्यावर.

शनिवारी दुकान बंद ठेवता येणार नाही. प्रफुल आणि रीता येऊन पोरीला घेऊन जातील. मी येत नाही.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

गजेंद्र


गिरड
शनिवार, २३ ऑगस्ट

सौ. प्रमिलावहिनींस, सा. न. वि. वि.

गुडघ्यांमुळे तुम्हाला येता आलं नाही. दादा आत्ता अंगणात चहा घेतोय, तेवढ्यात हे लिहून रीताच्या पर्समध्ये टाकते. घरी आल्यावर तो जी हकीकत सांगेल ती ऐकून घ्या, पण खरी ही आहे.

हो, आला. प्रफुल आणि रीता गाडीतून उतरले आणि मागून हा, तोंड फुगवून. म्हणाला की दुकानात आज तसंही गिऱ्हाईक नव्हतं. तान्ह्या पोळ्याच्या शनिवारी वर्ध्यातल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, हे मी चेहरा न हलवता ऐकून घेतलं.

शाळेच्या अंगणात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. गाव जमलं होतं. शनिवार आनंदाचा असावा असं आम्हाला वरून कळवलेलं आहे, आणि आनंद झाल्याचा फोटो दुपारपर्यंत पाठवायचा असतो, म्हणून मी सकाळीच एक काढून ठेवला होता. अश्वजितने डाळ म्हटली, कांताबाईंनी त्याला उलटी झडती सुनावली, बापूराव हसून हसून वाकले. प्रत्येक झडतीला सगळी पोरं बैलाचं भलं हो ओरडत होती. मग रक्षाचा नंबर आला.

ती एका शिंगाचा बैल घेऊन तोरणाखाली उभी राहिली. रीताने प्रफुलचा हात धरला. रक्षाने दादाकडे पाहिलं आणि वहिनी, तिने ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, आटोपलं, सोमवारी नाव कापलं जाणार. पोरगी काही बोलत नाही हे पाहून जागृती पुढे झाली. झडती दोघींनी मिळून केली होती म्हणे, वाया जाऊ द्यायची तिची तयारी नव्हती. ती खणखणीत आवाजात म्हणाली:

कप रे कप, चहाचा कप,
इंग्रजीच्या भेवानं आबाजी गप!

गाव हसलं. कोणाचे आबाजी ते कोणाला माहीत नव्हतं, पण दादाचा चेहरा पाहून लगेच कळलं. गावचे महादेवराव पाटील म्हणाले की पाहुणे, तुमच्यावर झडली, आता उलटी म्हना, नाई तं आम्ही बैल सोडत नाई.

दादा पुढे गेला. खाकरला. मी डोळे मिटले, मला वाटलं आता वृषभ येणार. पण तो म्हणाला:

बैल रे बैल, लाकडाचा बैल,
आबाजीची जीभ आता...

आणि अडला. पुढचं सुचेना. टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडला. पोरं फिदीफिदी हसायला लागली. आणि खालून, कमरेच्या उंचीवरून, चिडलेला आवाज आला: होईल सैल! आबाजी, होईल सैल! इतकं सोपं आहे नं!

सगळं अंगण बैलाचं भलं हो म्हणून ओरडलं. त्या गोंगाटात दादा खाली बसला आणि ती त्याच्या कानात बोलायला लागली. अजून बोलते आहे. आत्ता चहाच्या कपाशी बसून ती त्याला बैलाचं शिंग कसं पडलं ते सांगते आहे, चौथ्यांदा. आणि तो चौथ्यांदा विचारतो आहे, मग काय झालं.

मला एकच विचारायचं आहे वहिनी, तुम्ही त्याच्याबरोबर चाळीस वर्षं काढलीत. गिऱ्हाइकापुढे ज्याचा शब्द कधी अडला नाही, तो तिथे खरंच अडला होता काय? मी विचारलं तर म्हणतो, कप उचल.

सागवानी बैल त्याने शाळेलाच ठेवला. गुडघ्यांना जपा, आणि आता वरण बोलून वाढा.

तुमचीच,
ज्योत्स्ना


वर्धा
गुरुवार, २८ ऑगस्ट

चि. ज्योत्स्नास, अनेक, अनेक आशीर्वाद.

काल घरी गणपती बसला, म्हणून उशीर. तू प्रमिलाला लिहिलेलं पत्र मी वाचलं. ती मला उत्तर सांगत नाही, तुलाही सांगणार नाही.

सोमवारची गोष्ट ऐक. सगळं सुरळीत होईल असं तुम्हा मास्तर लोकांना वाटतं. हॉर्न वाजला आणि पोरगी पांढरी पडली. ओकली नाही, पण जिन्याचा कठडा सोडेना. रीता रडायला लागली. मला काही सुचलं नाही, म्हणून मी व्हॅनमध्ये जाऊन बसलो. ड्रायव्हर म्हणाला की काकाजी, आजोबा न्यायची परमिशन नाई. मी त्याला म्हटलं की हाफ तिकीट फाड. रक्षा जिन्यावरून बघत होती. मग ती आली आणि मांडीवर बसली. आर्वी नाक्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत मी बोलत होतो. काय बोललो ते सांगत नाही, पण आता कोणी विचारलं तर मला आठवतं. फाटकाशी ती उतरली, मी नाही. नाव कापलं गेलं नाही.

मंगळवारी ती एकटी गेली. थोडी रडली. काल सुट्टी. आज मॅडमचा फोन आला, तातडीने भेटा. प्रफुल, रीता आणि मी, तिघेही गेलो. पहिलीच्या वर्गात भेट होती, म्हणून बसायला पहिलीच्या खुर्च्या. मी एकीत मावलो, उठता येईल याची खात्री नव्हती.

मॅडमनी तक्रार वाचून दाखवली. रक्षा वर्गात बोलते. व्हॅनमध्ये बोलते. प्रार्थनेच्या रांगेत बोलते. शेजारच्यांनाही शिकवते, आणि आता दुसरीचा सगळा वर्ग एका सुरात म्हणतो:

टाय रे टाय, गळ्यातला टाय,
गर्मीनं जीव चालला, कोनाले काय!

मॅडम हे वाचताना इंग्रजीतून मराठीवर आल्या, मराठीतून हिंगणघाटवर आल्या, कारण त्या मूळच्या तिथल्याच निघाल्या. त्यांचा स्वतःचा टाय त्यांनी सैल केला होता, हे मी पाहिलं, पण बोललो नाही.

घरी रात्री आता जेवताना रक्षा मला इंग्रजी शब्द विचारते. मी चुकतो, मोठ्याने चुकतो, आणि ती पोट धरून हसते. प्रमिलाही चुकते. वातावरण पार बिघडलं आहे.

तर मॅडमनी कागद खाली ठेवला आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघून विचारलं की हे असलं घरी कोण शिकवतं. प्रफुल रीताकडे बघायला लागला. रीता फळ्याकडे बघायला लागली.

मी हात वर केला.

लोभ ठेव, आणि बोलत राहा. दोन्ही एकच आहे असं आता आमच्या घरात ठरलंय.

तुझा,
दादा